सागरमाळावरचें विद्यापीठ आणि आपलीं घरें

(पंचगंगेकांठच्या एका गांवीं यंदा बारावीची व पदवीची परीक्षा उतरलेल्या मुलामुलींच्या पालकांची सभा भरली होती. तींत आम्हीं केलेलें भाषण जमलेल्या मंडळींच्या इच्छेवरून येथें देत आहों.)



आज या देवळापुढें ऊसवाले बसले आहेत, कोरडवाहूवाले बसले आहेत, सुतार, कुंभार, लोहार, चपला शिवणारे, सगळे बसले आहेत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्रीं भाषण ऐकवणें हें पाप आहे, हें आम्ही जाणतों. तरी आज थोडा वेळ मागतों; कारण ज्या विद्यापीठाची गोष्ट सांगावयाची तें येथून एका एस.टी.च्या अंतरावर आहे, आणि तरीही आपल्यांतल्या पुष्कळांनीं तें गाडीच्या खिडकींतूनच पाहिलें आहे. घोड्यावरच्या महाराजांच्या पुतळ्याला गाडींतून हात जोडायचे आणि पुढें बाजाराला जायचें, एवढीच आपली आणि त्याची ओळख.

पहिला प्रश्न असा कीं, विद्या कोणाच्या पैशावर चालते? हा प्रश्न आमचा नव्हे. १८८२ सालीं सरकारनें शिक्षणाची चौकशी करण्यासाठीं हंटरसाहेबांचें कमिशन नेमलें, त्याच्यापुढें जोतीराव फुले यांनीं तो मांडला. सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामानें, आणि तींतला पैसा खर्च होतो वरच्या वर्गांच्या कॉलेजांवर. कुळवाड्याच्या पोराला साधी गांवची शाळा नाहीं, हें त्यांचें म्हणणें. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचें करा, ही त्यांची मागणी होती. त्या वेळीं मुंबईचें विद्यापीठ पंचवीस वर्षांचें झालें होतें आणि कोल्हापुरांत राजाराम कॉलेज नुकतेंच, १८८० सालीं, उभें राहिलें होतें. पण त्या कॉलेजच्या बांकावर नांगर धरणाऱ्याचा मुलगा किती दिसायचा? विरळाच.

कां दिसत नव्हता, याचें उत्तर शाहू महाराजांनीं शोधलें, तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शाळा उघडली म्हणजे काम झालें असें त्यांनीं मानलें नाहीं. खेड्यांतला मुलगा कोल्हापुरांत येऊन राहणार कोठें, जेवणार काय? १८९६ सालीं त्यांनीं सगळ्या जातींसाठीं एकच वसतिगृह काढून पाहिलें. तेथें ब्राह्मण मुलेंच राहिलीं, बाकीच्यांचीं आलीं नाहींत कीं टिकलीं नाहींत. तेव्हां १९०१ सालीं मराठा बोर्डिंग निघालें, त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, आणि १९०८ सालीं अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग. कोणी म्हणेल, जातवार बोर्डिंगें काढून महाराजांनीं जात पक्की केली. आम्ही त्या वादांत शिरत नाहीं. एवढें खरें कीं, त्या बोर्डिंगांच्या पंगतींत बसून जी पिढी शिकली तिनें पुढें शाळा, कॉलेजें, बँका, कारखाने चालवले. १९०२ च्या जुलैंत निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठीं राखल्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि मुलाला शाळेंत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड लावला. त्या काळचा रुपया! आज तसा दंड असता तर या देवळापुढचीं कांहीं मंडळी उठून गेलीं असतीं.

साताऱ्याकडे हेंच काम कर्मवीर भाऊराव पाटलांनीं केलें. १९१९ सालीं कराडाजवळच्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था निघाली. मुलांनीं स्वतः पिकवावें, स्वतः रांधावें आणि शिकावें, हा त्यांचा शिरस्ता. १९४७ सालीं त्यांनीं साताऱ्यास कॉलेज काढलें, त्याला नांव छत्रपति शिवाजी महाराजांचें.

म्हणजे बोर्डिंग झालें, शाळा झाली, कॉलेज झालें. राहिलें काय? परीक्षेचा कागद. तो काढायचे मुंबईचे लोक, आणि पुण्याचें विद्यापीठ १९४९ सालीं सुरू झाल्यावर पुण्याचे. त्याच वर्षीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. मुलें आमचीं, कॉलेजें आमच्या पैशानें बांधलेलीं. काय शिकवायचें, कोणता विभाग काढायचा, हें मात्र दुसरीकडे ठरणार. दक्षिण महाराष्ट्राला स्वतःचें विद्यापीठ पाहिजे ही मागणी अशी वाढत गेली.

ती पुरी झाली १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं. राष्ट्रपति डॉक्टर राधाकृष्णन उद्घाटनास आले होते. चीनशीं युद्ध ऐन भरांत होतें. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्र्याच्या शेतकरी घरांतले, स्वतः राजाराम कॉलेजांत शिकलेले. चार दिवसांच्या आंत ते संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले. त्यांच्याच कारकीर्दींतली एक गोष्ट विद्यापीठाइतकीच मोठी आहे: ज्या घराचें वर्षाचें उत्पन्न १२०० रुपयांच्या आंत, त्या घरच्या मुलांची फी माफ. तिला लोक ई.बी.सी. म्हणत. ही सवलत नसती तर माळावर इमारती उभ्या राहिल्या असत्या, पण आंत बसायला आपलीं पोरें नसतीं.

पहिले कुलगुरु डॉक्टर आप्पासाहेब पवार, राजाराम कॉलेजचे प्राचार्य आणि इतिहासाचे संशोधक. ताराबाईच्या काळचे कागद त्यांनीं छापून आणले, शाहू महाराजांचे दप्तर बाहेर काढण्यास हात घातला. पण आम्हांला त्यांची थोरवी वाटते ती दुसऱ्या कामांत. कोल्हापूरच्या पूर्वेस सागरमाळ म्हणून खडकाळ माळ होता. ८५३ एकर! गवताखेरीज कांहीं नव्हतें, पाण्याची बोंब होती. तेथें विद्यापीठ वसवायचें. आज त्याच माळावर दाट झाडी आहे, तळीं आहेत, विहिरी आहेत, मोर ओरडतात. पावसाचें पाणी अडवून साठवलें म्हणून हें झालें. शेतकऱ्याला हें सांगावें लागत नाहीं, पण प्रोफेसरांनींही करून दाखवलें म्हणून कौतुकानें सांगतों.

आरंभीं ३४ कॉलेजें, सुमारें १४,००० विद्यार्थी. माळावर पांच विभाग आणि त्यांत अवघे १७५ विद्यार्थी. सोलापूर आणि कोंकणचा रत्नागिरी जिल्हाही तेव्हां याच्याच हद्दींत होता. रत्नागिरीकडचीं कॉलेजें पुढें मुंबईस जोडलीं गेलीं, सोलापूरचें स्वतंत्र विद्यापीठ २००४ सालीं झालें. आतां हद्द कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांची, तरी कॉलेजें तीनशेच्या आसपास आहेत. येथें एक गैरसमज काढून टाकतों. विद्यापीठ म्हणजे माळावरची इमारतच असें नव्हे. तालुक्याच्या ज्या कॉलेजांत तुमची मुलगी बी.ए.ला जाते तेंही त्याचेंच. पदवीपर्यंत मुलें बहुधा तेथेंच शिकतात, त्यापुढचें एम.ए., एम.एस्‌सी. आणि संशोधन करायचें तर माळावर जावें.

तेथलें जिणें कसें असतें? आम्ही कोल्हापुरांत शिकायला गेलों तेव्हां आमचा डबा गांवाहून एस.टी.नें यायचा. पहाटे आईनें भाकऱ्या थापायच्या, फडक्यांत बांधून कंडक्टरच्या स्वाधीन करायच्या, आणि आम्हीं स्टँडवर उभें राहून डब्यांच्या ढिगांतून आपला ओळखायचा. झाकणावर खिळ्यानें नांव कोरलेलें. पंचगंगेला पूर आला, रस्ता बंद झाला, कीं डबा नाहीं. मग चहा आणि शेंगदाण्यावर दिवस. पुढें आम्ही एका वसतिगृहांत राहूं लागलों. दुसऱ्या सहामाहींत खानावळीचे साठ रुपये थकले आणि आमचें ताट बंद झालें. शेजारच्या खोलींतल्या चौघांनीं आपापल्या ताटांतली एकेक भाकरी काढून दिली म्हणून आम्ही टिकलों.

आमच्याबरोबर या गांवचा एक कुंभाराचा मुलगा होता. गणितांत आमच्यापेक्षां किती तरी हुशार. त्याचेही साठ रुपये थकले. तो भिडस्त. कोणाला बोलला नाहीं. एके सकाळीं वळकटी उचलून गांवीं आला, तो पुन्हां गेला नाहीं. साठ रुपये! त्या वर्षीं त्याच्या घरच्या गणपतीच्या मूर्ती विकून त्याहून जास्त आले असतील, पण ते आले भाद्रपदांत आणि ताट बंद झालें माघांत. शेतकऱ्याचें आणि कारागिराचें दुखणें हेंच आहे. पैसा नसतो असें नाहीं. लागतो तेव्हां नसतो. तो आमचा मित्र आज येथें बसला आहे. नांव घेत नाहीं.

म्हणून माळावरच्या सगळ्या गोष्टींत आम्हांला 'कमवा व शिका' ही योजना मोठी वाटते. कर्मवीरांचाच तो शिरस्ता. गरीब मुलांमुलींनीं रोज कांहीं तास विद्यापीठाच्या कचेरींत, ग्रंथालयांत, बागेंत काम करायचें, आणि त्यावर राहण्याजेवण्याचा खर्च भागवायचा. हीं मुलें कधीं मान खालीं घालून चालत नाहींत. बॅरिस्टर खर्डेकरांच्या नांवाचें ग्रंथालय आहे. परीक्षेच्या दिवसांत तेथें जागा धरायला सकाळीं रांग लागते. मुलींचीं वसतिगृहें आहेत, आणि संध्याकाळीं माळावर फिरायला निघालेल्या पोरींचे घोळके पाहिले म्हणजे आम्हांला आमच्या आईची आठवण येते, जिला सही करतां येत नव्हती. युवा महोत्सव आला कीं खेड्यापाड्यांच्या कॉलेजांतलीं पोरें ढोलकी-हलगी घेऊन लोकनृत्याला उतरतात. पहिल्या वर्षीं इंग्रजीला भिऊन मागच्या बांकावर बसलेला पोरगा तेथें पुढें असतो. हें सगळें पुस्तकाइतकेंच शिक्षण आहे.

आतां गोडगोड सांगून आम्ही थांबलों तर ती फसवणूक होईल. पदवी घेतली कीं नोकरी, हा काळ गेला. या आळींतच पदव्या घेऊन बसलेले चार जण आम्ही दाखवूं. सरकारी विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहतात; तासिकेवर नेमलेल्या तरुण मास्तरांवर विभाग चालतात. त्यांनाही पोट आहे. २०२५ सालीं विद्यापीठाचें नांव कसें लिहावें यावरून मोर्चे निघाले. नांव थोर आहे, लहान लिहिलें तरी तें लहान होत नाहीं, असें आम्हांला वाटतें. कोणाला निराळें वाटलें तर तो त्याचा हक्क. पण रिकाम्या जागांसाठीं तेवढा मोठा मोर्चा निघाला असता तर आम्ही पायांत चपला न घालतां गेलों असतों. आणि जमीन गहाण टाकून कुठल्या तरी झगमगीत खासगी कॉलेजांत मुलाला घालण्याआधीं माळावर तो विषय आहे काय, फी किती आहे, हें एकदां तरी विचारून या. कीटकनाशकांचा आणि शेतीरसायनांचा विभाग तेथें आहे हें येथल्या किती शेतकऱ्यांना ठाऊक होतें? एकानेंही हात वर केला नाहीं. पाहा!

आणखी एक. विद्यापीठाचा कारभार ठरवणारी अधिसभा असते. २०१६ च्या कायद्याप्रमाणें तींत नोंदणी केलेल्या पदवीधरांनीं निवडून द्यायच्या दहा जागा आहेत. त्यांतल्या पांच मागासवर्ग व स्त्रियांसाठीं राखलेल्या. मत देतां येतें ज्यानें नांव नोंदवलें त्याला. आपल्या घरचा पदवीधर ग्रामपंचायतीच्या मतदानाला मुंबईहून गाडी करून येतो, आणि हा अर्ज मात्र भरत नाहीं. मग माळावर आपलें कोणी ऐकत नाहीं म्हणून ओरडायचें कोणत्या तोंडानें?

फीविषयीं पुष्कळांनीं विचारलें. ई.बी.सी.च्या वाटेवरचीच राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शिक्षणशुल्काची शिष्यवृत्ति आहे, राहण्याजेवण्यासाठीं पंजाबराव देशमुखांच्या नांवाची आहे. जुलै २०२४ पासून ८ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली; त्यांत मागास, इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घरच्या मुली येतात. कोणाला कोणती लागू, हें घरीं बसून तर्क करण्यापेक्षां कचेरींत विचारावें. अर्ज संगणकावर भरायचा असतो. पैसे खात्यावर यायला कधीं उशीर होतो, तेवढी तजवीज ठेवावी.

आतां आमच्या त्या कुंभारमित्राला. त्याची नात यंदा बी.एस्‌सी. पहिल्या वर्गांत उतरली. घरांत लग्नाची बोलणीं चालू आहेत, असें आम्हीं ऐकलें. घर तुझें, नात तुझी, आम्ही बाहेरचे. पण घरांत शब्द तुझा चालतो, आणि त्या वर्षींच्या साठ रुपयांचा साक्षीदार म्हणून एवढें बोलण्याचा हक्क आम्हीं घेतला आहे. पोरीला विचार. तिला एम.एस्‌सी. करावयाचें असेल तर सोयरे दोन वर्षें थांबतील. न थांबले तर दुसरे मिळतील.

सोमवारीं सकाळीं सातच्या गाडीनें आम्ही कोल्हापुरास जाणार आहों. तेथून माळावर. ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं मुलांना बरोबर घेऊन स्टँडवर यावें. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, तहशिलीचा उत्पन्नाचा दाखला, असल्यास जातीचा दाखला, बँकेचें पासबुक आणि प्रत्येकाच्या दोन-दोन नकला. उत्पन्नाचा दाखला ज्यांच्याकडे नसेल त्यांनीं उद्यांच तलाठ्याला गांठावें, शनिवारीं तो भेटत नाहीं. डबा घरूनच बांधून आणा, दिवस जाईल.