डोंगरउताराच्या शेतीचे मोल



शेती म्हणजे केवळ धान्याची पोती नव्हेत. शेत माती धरून ठेवते, पाणी जिरवते, बियाणे जपते आणि माणसांना गावात ठेवते. शेताच्या कडा न कापता गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडाव्यात, असा नियम लेवीयच्या 19व्या अध्यायात आहे. शेताकडून पिकापेक्षा अधिक काही मागणे नवे नाही.

काही देशांनी हे कायद्यात लिहिले आहे. स्वित्झर्लंडने 1996 मध्ये जनमत घेऊन राज्यघटनेत कलम घातले. अन्न पुरवणे, निसर्ग राखणे आणि खेडी वसती ठेवणे, ही तिन्ही शेतीची कामे त्यात धरली आहेत. जपानने 1999 च्या कायद्यात शेतीची अशी अनेक कामे मान्य केली. पुढच्याच वर्षापासून डोंगराळ भागातील शेतकऱ्यांना थेट अनुदान सुरू झाले. अट एवढीच, की गावकऱ्यांनी मिळून किमान पाच वर्षे शेती चालू ठेवण्याचा करार करायचा. पैसे पोती मोजून नव्हे, तर जमीन सांभाळल्याबद्दल मिळतात.

आपल्याकडे हरितक्रांतीपासून सरकारी खरेदी मुख्यतः गहू आणि तांदळाची झाली. आदिवासींची नाचणी आणि वरई मागे राहिली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याला जागा मिळाली. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. नाचणीचा हमीभाव 2014-15 मध्ये क्विंटलला 1,550 रुपये होता, तो 2024-25 मध्ये 4,290 झाला. याबद्दल आनंदच आहे.

पण भाव जाहीर झाला म्हणजे हातात पडला असे नाही. जवळ खरेदी केंद्र नसेल, तर पाड्यावरची बाई डोक्यावरून आणलेली नाचणी व्यापारी म्हणेल त्या भावाने देऊन घरी जाते. वरईचे तर केंद्राच्या हमीभावाच्या यादीत नावही नाही. आणि उतारावर बांध घालून तिने माती अडवली, त्या कामाचा हिशेब कोणी करत नाही. परवडेना म्हणून तिने ते शेत सोडले, तर बियाणे जाईल, माती जाईल आणि घर वीटभट्टीवर जाईल.

म्हणून दोन गोष्टी करू या. ग्रामसभांनी खरेदी केंद्राचा ठराव करावा, त्यांच्या अर्जाला आपण हातभार लावू. आणि आपल्या घरात महिन्याला दोन किलो नाचणी योग्य भावाने, थेट पाड्यावरून घेऊ.