रडणारे मूल आणि विकाऊ शांतता

(जोहे, ता. पेण येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



लांबच्या विमानप्रवासात तान्ही मुले बरोबर नेणे आणि त्यांच्या रडण्याने सहप्रवाशांच्या कपाळाला आठ्या पडणे, हा विषय जोह्यासारख्या गावात बोलण्याजोगा आहे काय, अशी शंका काहींच्या मनात येईल. ज्या गावाचे वर्ष माती मळण्यात, साचे भरण्यात आणि मूर्तींची आखणी करण्यात जाते, त्याला विमानातल्या भांडणाशी काय कर्तव्य? शंका स्वाभाविक आहे. पण ती टिकणारी नाही. जोहे-हमरापूरच्या कारखान्यांतील गणेशमूर्ती चतुर्थीच्या कित्येक महिने आधी समुद्रमार्गे परदेशी जातात. त्या मूर्ती जिथे बसतात त्या घरांतील माणसे लेकरे कडेवर घेऊन पंधरा-पंधरा, वीस-वीस तासांचा प्रवास करीत आजोळी येतात. कोकणातल्या कितीतरी आज्या मुलीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी उतारवयात पहिल्यांदा विमानात पाऊल ठेवतात. आणि पनवेलजवळचा नवी मुंबई विमानतळ, ज्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, तो तर रायगड जिल्ह्याच्याच भूमीवर उभा आहे. या जिल्ह्यातील जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जो लढा झाला, त्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. तेव्हा विमान ही केवळ श्रीमंतांची बाब म्हणून बाजूला सारण्याचा अधिकार निदान या तालुक्याला तरी नाही.

प्रथम, मूल विमानात का रडते ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण अर्धा राग अज्ञानातून येतो. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून उडते. आतील हवेचा दाब यंत्राने राखलेला असतो, पण तो जमिनीवरच्या इतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा दाब असावा तेवढा तो असतो. विमान उतरू लागले की हा दाब झपाट्याने वाढतो. कानाच्या पडद्यामागील पोकळी घशाशी जोडणारी एक नळी असते. मोठा माणूस आवंढा गिळून, जांभई देऊन ती उघडतो आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा करतो. तान्ह्या मुलाची ही नळी अरुंद आणि बरीचशी आडवी असते. शिवाय आवंढा गिळावा हे त्याला कोणी सांगायचे? पडदा ताणला जातो, कान ठणकतो आणि ते टाहो फोडते. त्या क्षणी त्याला अंगावर पाजणे हा उत्तम उपाय. कारण दूध गिळताना ती नळी आपोआप उघडते. त्यात विमानातली कोरडी हवा, कापूस कोंबावा तसा कानांत घुमणारा यंत्राचा आवाज, मोडलेली झोप आणि अनोळखी चेहऱ्यांचे रान. अशा स्थितीत मूल रडले नाही तरच नवल. ते रडणे हा हट्ट नसतो, आईच्या संगोपनातला दोष तर नसतोच नसतो. ज्याला शब्द नाहीत त्याचे ते निवेदन असते.

पण सहप्रवाशांच्या नजरा हे निवेदन वेगळ्याच अर्थाने वाचतात. कोणी सुस्कारा टाकतो, कोणी वळून वळून पाहतो, कोणी विमानसेविकेला बोलावून जागा बदलून मागतो. 'एवढ्याशा मुलाला घेऊन निघायचेच कशाला?' हे वाक्य उच्चारले नाही तरी ऐकू येते. मग आई त्या मुलाला घेऊन अरुंद वाटेत येरझारा घालू लागते. वडील बहुधा डोळे मिटून बसलेले असतात. पित्याची झोप मोडली तर गुन्हा आणि आईची मोडली तर कर्तव्य, ही आपली जुनी रीत विमानातही तिकिटाशिवाय प्रवास करते. या नजरांचा धाक एवढा की कित्येक आईबाप मुलाला गुंगी यावी म्हणून सर्दीचे औषध पाजतात. बालरोगतज्ज्ञ याविरुद्ध वारंवार सांगत आले आहेत. त्या औषधाने काही मुले झोपण्याऐवजी उलट अधिकच बिथरतात आणि मात्रा चुकली तर जिवाशी खेळ होतो. म्हणजे शेजाऱ्याच्या आठीपायी लेकराला औषध! २०१९ मध्ये सोलहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एका कोरियन मातेने आपल्या चार महिन्यांच्या बाळाच्या वतीने दोनशेहून अधिक प्रवाशांना गोळ्या-चॉकलेटे आणि कानात घालायचे बोळे यांच्या पिशव्या वाटल्या. जगभर तिचे कौतुक झाले. पण त्या कौतुकातली विपरीतता कितीजणांना खटकली? चार महिन्यांच्या जिवाने अजून न केलेल्या अपराधाची माफी मागून ठेवावी, हा सौजन्याचा विजय म्हणायचा की धाकाचा?

येथे दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. शेजारी बसलेला मनुष्य दुष्ट असतोच असे नाही. तो कदाचित दोन वर्षांनी आखातातून घरी परतणारा मजूर असेल, कदाचित आजारी असेल, कदाचित पोचल्या पावली कामावर हजर व्हायचे असेल. त्याला झोप हवी, ही मागणी चुकीची नाही. आणि आईबापांनीही आपले कर्तव्य विसरता कामा नये. पाच-सहा वर्षांचे मूल पुढच्या आसनाला लाथा मारीत असेल आणि जन्मदाते कौतुकाने पाहत असतील, तर त्यांना समज देण्यात गैर काही नाही. पण मुळात एवढ्याशा जागेत इतकी माणसे कोंबली कोणी? स्वस्त तिकिटाच्या वर्गात दोन रांगांमधले अंतर आज कित्येक विमानांत अठ्ठावीस ते एकतीस इंचांवर आलेले आहे. गुडघा हलवण्यास जागा नाही, पाळणा अडकवण्याची सोय मोजक्या आसनांसमोर, मुलाला घेऊन उभे राहण्यास कोपरा नाही. ही सारी रचना नफ्याच्या गणिताने ठरलेली आहे. जागा आखडली कंपनीने, आणि भांडतात कोण? तर एकाच अडचणीत सापडलेले दोन प्रवासी. शोषित आपापसांत झुंजत राहावेत आणि झुंजवणारा नामानिराळा राहावा, ही गोष्ट कामगार चळवळीतल्या माणसाला नवी नाही.

भांडवलशाहीची खरी करामत तर याच्या पुढे आहे. आधी तिने गैरसोय निर्माण केली आणि मग त्या गैरसोयीवरचा उतारा विकायला काढला. २०१२ मध्ये मलेशियाच्या विमान कंपनीने आपल्या मोठ्या विमानाच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांना मज्जाव केला. २०१३ मध्ये एअर एशिया एक्सने 'शांत विभाग' काढला. २०१६ मध्ये आपल्याकडे इंडिगोने काही रांगा बारा वर्षांखालील मुलांसाठी बंद केल्या. २०२३ मध्ये कोरेंडॉन कंपनीने ॲमस्टरडॅम ते कुरासाव या मार्गावर सोळा वर्षांखालील कोणीही नसेल असा वेगळा विभाग जाहीर केला आणि त्याचे पंचेचाळीस युरो जादा दर लावले. पाणी विकून झाले, वाट विकून झाली. आता शांतताही क्रयवस्तू झाली. ज्याच्याजवळ पैसा आहे तो इतरांच्या लेकरांपासून दूर बसणार; ज्याच्याजवळ नाही तो त्या लेकरांवर खेकसणार. मुलांपासून मुक्त असा प्रदेश विकत मिळू लागला की, बाकीच्या प्रदेशात मुले असणे हीच एक उणीव ठरते. आज वयावरून आखलेली ही रेघ उद्या म्हातारपणावरून, अपंगत्वावरून, भाषेवरून आखली जाणार नाही, याची हमी कोण देणार?

त्यातच दोन वर्षांखालील मुलाला विमानात स्वतःची जागाच नसते. ते आईच्या मांडीवर बसते. जोह्याचा कारागीर मूर्ती परदेशी पाठवताना सोंड दुखावू नये म्हणून केवढी काळजी घेतो. मांडीवरच्या मुलाबाबत हवाई व्यवसायाने तेवढीही घेतली नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे एक विमान कोसळले. मांडीवरच्या मुलांना कांबळ्यात गुंडाळून पायापाशी जमिनीवर ठेवावे, असा त्या वेळचा नियम होता. विमानसेविकेने त्याप्रमाणे आईबापांना सांगितले. अशा चार मुलांपैकी एक दगावले. ती प्रमुख विमानसेविका, जॅन ब्राऊन, पुढे वर्षानुवर्षे एकच मागणी करीत राहिली: मुलाला स्वतःचे सुरक्षित आसन द्या. ती मागणी अमेरिकेत अजून कायद्यात उतरलेली नाही. हातातली पिशवी कोठे ठेवावी याचा नियम कडक आहे. मूल मात्र मांडीवरच.

विमानातून जमिनीवर यावे. कोकणातल्या एस. टी.त अथवा दिवा-रोहे गाडीत परक्याचे मूल या मांडीवरून त्या मांडीवर जाते, कोणी त्याला केळे देते, कोणी खिडकीशी जागा करून देते. हा आपला मोठा ठेवा आहे. पण त्याचे पोवाडे गाताना भान सुटू नये. गणपतीच्या गर्दीत लेकरू घेतलेली बाई दारापाशी उभी असते आणि बसलेले धडधाकट पुरुष झोपेचे सोंग घेतात, हेही येथलेच चित्र आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे २०११ मध्ये सुरू झालेले काम दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या खड्ड्यांतून तान्ह्या मुलांना घेऊन गेलेल्या मायांची गणती कोणत्या अहवालात आहे? आणि याच जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांकडे निघतात. ट्रकच्या हौद्यात भांडीकुंडी, कोंबड्या आणि त्यांतच तान्ही मुले. त्या रडण्याची तक्रार कोणी करीत नाही, कारण ते ऐकायला शेजारच्या आसनावर कोणी नसते. विमानातल्या मुलाचे रडणे लोकांना नको असते. ट्रकमधल्या मुलाचे रडणे लोकांना ठाऊकच नसते. दोन्हीकडे मूल हे आईचे खासगी ओझे मानलेले आहे, समाजाचे कर्तव्य मानलेले नाही.

रायगड जिल्ह्याला हिरकणीची आख्यायिका सांगायला नको. गडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ, आणि ती माउली अंधारात कडा उतरून गेली. आपण तिच्या धैर्याला शतकानुशतके वंदन करतो, आणि ते योग्यच आहे. पण पान्हा फुटलेल्या आईसाठी दरवाजा का उघडला नाही, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. मातेच्या पराक्रमाचे गोडवे गाणे स्वस्त पडते. दरवाजाचा नियम बदलणे महाग पडते. एस. टी.च्या स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' निघाले, ही चांगली गोष्ट झाली. पण डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळासह नागपूरच्या अधिवेशनाला आल्या आणि २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात विधानभवनातील अशाच कक्षात धूळ आणि गैरसोय असल्याची तक्रार त्यांना करावी लागली. जिथे कायदे होतात तिथली ही अवस्था, तर आडवळणाच्या स्थानकावरील कक्षाला कुलूप नसेल कशावरून?

मग करायचे काय? या महाराष्ट्रातच त्याचा धडा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला व पुढे कोसबाडला काम केले तेव्हा मूल शाळेत येत नाही म्हणून मुलाला वा त्याच्या आईला दोष दिला नाही; शाळाच मुलाच्या अंगणात नेली. जिथे मूल, तिथे व्यवस्था, हे ते तत्त्व. प्रवासालाही तेच लागू आहे. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असे कंपन्यांना बजावले. म्हणजे तोवर ही साधी गोष्टही गृहीत धरता येत नव्हती! पण बजावल्याने पाऊल पुढे पडते, हेही त्यातून दिसते. जादा दाम न घेता पाळण्याची जागा, प्रत्येक विमानतळावर, रेल्वे व एस. टी. स्थानकावर खरोखर उघडा असलेला स्तनपान कक्ष, रांगांमधील अंतराला किमान मर्यादा, आणि भट्टीवर जाणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी प्रवासाची व पाळणाघराची जबाबदारी मालकावर, या मागण्या एकाच सूत्रात ओवल्या पाहिजेत. विमानातली आई आणि ट्रकमधली आई यांना एकमेकींपासून तोडणारी मागणी समाजवादी नव्हे.

आणि शेवटी स्वतःच्या घरात पाहावे. परिवर्तनाच्या सभेत मूल रडू लागले की व्यासपीठावरून काय म्हटले जाते? 'त्या बाईंनी कृपया बाहेर जावे.' ती उठते, दाराशी थांबते, मग घरी जाते. पुढच्या शिबिराला येत नाही. आणि स्त्रिया चळवळीत पुढे का येत नाहीत यावर आपण परिसंवाद भरवतो. मुलांपासून मुक्त विभाग विमान कंपन्यांनीच काढले असे नाही. आपण ते त्यांच्या कितीतरी आधी काढले, आणि त्यांचे दामही बायकांकडूनच वसूल केले. यापुढे प्रत्येक शिबिरात मुलांसाठी एक खोली असावी, तिथे पुरुष कार्यकर्त्यांनी पाळी लावून बसावे, आणि वक्त्याने रडण्यावर आवाज चढवण्याऐवजी क्षणभर थांबावे. एवढे जमले, तर विमानात शेजारच्या आसनावरून नुसतेच एक वाक्य उच्चारण्याचे धैर्य आपोआप येईल: 'द्या बाई त्याला जरा माझ्याकडे, तुम्ही दोन घास खाऊन घ्या.'