शिकविणाऱ्यांनीं कोठें शिकावें?

प्राथमिक शाळेच्या मास्तरांस नोकरी मिळावयाची, तर आधीं शिकविण्याची विद्या शिकावी लागते. पाठ कसा मांडावा, फळ्याचा उपयोग कसा करावा, मागच्या बांकावरील मुलाकडे लक्ष कसें ठेवावें, हें त्यांना कोणी तरी दाखवितो. त्यांचे नमुन्याचे पाठ पाहतो आणि उणिवा सांगतो. माध्यमिक शिक्षकांनाहि हीच अट आहे. कॉलेजच्या प्राध्यापकाला मात्र ती नाहीं. त्यानें आपल्या विषयांत पदव्युत्तर पदवी घ्यावी, नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावें अथवा डॉक्टरेट मिळवावी, मुलाखत द्यावी, आणि नेमणूक होतांच भरल्या वर्गासमोर उभें राहावें. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेंत अध्यापनाविषयीं कांहीं प्रश्न असतात, हें खरें. पण पोहण्यावरील प्रश्नांचीं उत्तरें लिहून कोणाला नदी ओलांडतां येते, हें कृष्णाकाठच्या माणसाला सांगून पटावयाचें नाहीं.

ही विसंगति सातारा शहरांत जितकी ठळक दिसते, तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्यें तिचें ठाणें साताऱ्यास आणलें. खेडोपाडीं शाळा काढावयाच्या, तर खेड्यांत राहून शिकविणारीं माणसें आधीं तयार झालीं पाहिजेत, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून १९३५ सालीं साताऱ्यांत प्राथमिक शिक्षकांसाठीं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालें. पुढें १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज सुरू झालें, आणि १९५५ मध्यें माध्यमिक शिक्षकांच्या तयारीसाठीं आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन उभें राहिलें. म्हणजे एकाच गांवीं, एकाच संस्थेच्या छत्राखालीं, पहिलीच्या मुलांचे गुरुजी घडविण्याची सोय झाली, दहावीच्या मुलांचे मास्तर घडविण्याची झाली. पण त्याच मुलांना पुढें जे प्राध्यापक भेटावयाचे, ते आपली कला जमेल तशी आपणच शिकत राहिले. याचा दोष संस्थेकडे जात नाहीं. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवितांहि येतो, अशी समजूत साऱ्या जगांतील विद्यापीठें शतकानुशतकें बाळगून होतीं.

सांगलीचा इतिहास थोडा निराळा आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें विलिंग्डन कॉलेज काढलें तेंहि १९१९ सालींच. या सोसायटीचा कारभार आजीव सभासदांच्या पद्धतीवर उभा होता. अल्प वेतनावर वर्षानुवर्षें एकत्र काम करण्यास बांधून घेतलेलीं हीं माणसें संस्था स्वतःच चालवीत. अशा मंडळींत एकाच्या अध्यापनाची कीर्ति किंवा अपकीर्ति दुसऱ्यापासून लपून राहणें कठीण. विश्रामबागच्या माळावरून फिरावयास निघालेल्या नवख्या अध्यापकाला चार युक्तीच्या गोष्टी सहज मिळूं शकत. तिला कोणी योजना म्हणत नसे, आणि तिचा अहवालहि कोणी मागत नसे.

१९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें आणि सातारा, सांगली हे जिल्हे त्याच्या कक्षेंत आले. तालुक्यातालुक्यांतून महाविद्यालयें निघालीं. माण, खटाव, जत, आटपाडी अशा अवर्षणाच्या तालुक्यांतील मुलें आणि मुली, ज्यांच्या घराण्यांत त्यापूर्वीं कोणी कॉलेजचा उंबरठा ओलांडला नव्हता, वर्गांत येऊन बसूं लागलीं. हा या भागाच्या इतिहासांतील फार मोठा पालट आहे. मात्र याच काळांत प्राध्यापकाचें राहणें एका गांवीं आणि नोकरी दुसऱ्या गांवीं असें होऊं लागलें. तास संपला कीं एस्. टी. गांठावयाची, संध्याकाळचें फिरणें संपलें, आणि त्याबरोबर तें अनौपचारिक गुरुकुलहि संपलें.

सरकारदरबारीं या उणिवेकडे कोणीं पाहिलेंच नाहीं, असें नाहीं. डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगानें १९४८-४९ मध्यें शिक्षकांसाठीं उजळणीवर्गांची शिफारस केली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, विद्यापीठ अनुदान मंडळानें देशभर ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजें उघडलीं. नव्या प्राध्यापकासाठीं चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि जुन्यांसाठीं तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी त्यांची रचना होती. पुढें त्यांचें नांव बदललें, आणि २०२३ पासून तें काम पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नांवें चालतें. या वर्गांनीं पुष्कळांचें भलें केलें. निरनिराळ्या गांवचीं माणसें एकत्र आलीं, नवे ग्रंथ कळले, ओळखी झाल्या. परंतु तेथें नुसत्या व्याख्यानानें विद्यार्थी शिकत नाहीं हा सिद्धान्त बहुधा व्याख्यानानेंच शिकविला जातो. शिवाय प्रमाणपत्राचा धागा पदोन्नतीशीं बांधलेला असल्यामुळें, वर्ग कसा झाला यापेक्षां तो पुरा झाला याचें समाधान अधिक. तीन आठवड्यांनीं माणूस आपल्या गांवीं परत येतो, वर्गाचें दार लोटून घेतो, आणि पुन्हा एकटा असतो.

खरी अडचण या एकटेपणाची आहे. शल्यवैद्याच्या हाताखालीं नवा वैद्य उभा असतो, वकिलाचें बोलणें भर न्यायालयांत दहाजण ऐकतात, गवयाची तान चुकली तर तबलजीच्या कपाळावर आठी उमटते. प्राध्यापकाचें काम मात्र त्याच्या बरोबरीच्या कोणीहि पाहिलेलें नसतें. वीस वर्षें शेजारच्या वर्गांत शिकविणारा स्नेही काय आणि कसें शिकवितो, हें त्याला भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजावरूनच ठाऊक.

शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रांत विषयवार प्राध्यापकांचे संघ आहेत. मराठीच्या शिक्षकांचा आहे, इंग्रजीच्या शिक्षकांचा आहे, इतिहासाची परिषद आहे, अर्थशास्त्राचीहि आहे. त्यांचीं अधिवेशनें भरतात, निबंध वाचले जातात. अभ्यासक्रम बदलला म्हणजे त्यावर कार्यशाळा होते. एका मोठ्या महाविद्यालयाभोंवतीं आसपासचीं लहान महाविद्यालयें गुंफणारी अग्रणी महाविद्यालय योजनाहि विद्यापीठानें चालविली. एवढी सामग्री पुष्कळ प्रांतांत नसेल. तरीहि या संमेलनांत अध्यापनाचा प्रश्न सभागृहापेक्षां चहाच्या टेबलाशींच जास्त निघतो. हा भाग मुलांच्या गळीं कसा उतरवितां, असें एकानें हळूच विचारावें, दुसऱ्यानें आपली क्लृप्ति सांगावी, आणि तेवढ्यांत पुढील सत्राची घंटा व्हावी.

चहाच्या टेबलावरील हें बोलणें वर्षभर चालू ठेवतां येईल काय? अमेरिकेंत ओहायो राज्यांतील मायामी विद्यापीठानें १९७९ पासून हाच उद्योग आरंभिला आणि मिल्टन कॉक्स यांनीं त्याला शास्त्रशुद्ध रूप दिलें. निरनिराळ्या विषयांच्या आठ-दहा अध्यापकांनीं एक गट करावयाचा, सबंध शैक्षणिक वर्ष ठराविक अंतरानें भेटावयाचें, आणि प्रत्येकानें आपल्या वर्गांतील एकच अडचण हातीं घेऊन तिच्यावर प्रयोग करावयाचा, असें त्याचें स्वरूप. जपानी शाळांत याहून जुनी वहिवाट आहे. कांहीं शिक्षक मिळून एक पाठ रचतात, एकजण तो शिकवितो, आणि बाकीचे वर्गांत बसून शिकविणाऱ्याकडे पाहण्याऐवजीं मुलांकडे पाहतात. कोणत्या क्षणीं कोणाची लेखणी थांबली, कोणीं शेजाऱ्याच्या वहींत डोकावलें, याची टिपणें होतात. पाहणाऱ्याची दृष्टि अशी वळविली म्हणजे पाहिला जाणारा निम्मा निर्भय होतो.

निरनिराळ्या विषयांचीं माणसें एकत्र कशाला, अशी शंका येणें साहजिक आहे. एका काल्पनिक उदाहरणानें ती फिटेल. समजा, साताऱ्यांतील पदार्थविज्ञानाच्या एका अध्यापकानें गटाला सांगितलें कीं, मुलें गतीचीं समीकरणें बिनचूक सोडवितात. पण चेंडू सरळ वर फेंकला असतां अगदीं उंच टोंकाशीं त्याच्यावर कोणतें बल असतें, असें विचारतांच अर्धा वर्ग कोणतेंच नाहीं असें म्हणतो. गटांत इतिहासाचे एक अध्यापक आहेत. त्यांनाहि क्षणभर तसेंच वाटतें, आणि तें कां वाटतें हें ते सांगूं शकतात: चेंडू थांबला, म्हणजे ओढणारें कांहीं उरलें नाहीं! पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या प्राध्यापकाला ही चूक इतकी क्षुल्लक वाटेल कीं तिचें मूळ त्याला दिसणारच नाहीं. ज्याला विषय येत नाहीं असा सुबुद्ध माणूस विद्यार्थ्याच्या जागीं बसूं शकतो, हा अशा गटाचा सर्वांत मोठा लाभ होय. पुढील आठवड्यांत तोच इतिहासाचा अध्यापक आपलें गाऱ्हाणें आणील. १९४२ च्या सातारच्या प्रतिसरकारावर मुलें दोन पानें लिहितात, पण ही माहिती कशावरून मिळाली या प्रश्नाला गप्प बसतात. तेव्हां पुरावा म्हणजे काय हें पदार्थविज्ञानाचा माणूस विचारील. सांगलीचा अर्थशास्त्राचा अध्यापक हळदीच्या सौद्याचा दाखला पुढें करील. भाव कसा ठरतो हें पुस्तकांतील वक्ररेषेवरून न कळलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला तो बाजार लहानपणापासून ठाऊक असतो.

नामांकित विद्यापीठांतूनहि हें दुखणें आहे. हार्वर्डचे एरिक मॅझूर हे विद्यार्थ्यांचे आवडते अध्यापक. १९९० च्या सुमारास त्यांनीं आपल्या वर्गाला बलाविषयींचे साधे, आंकडेमोड नसलेले प्रश्न घातले, आणि हुशार विद्यार्थीहि त्यांत अडखळल्याचें त्यांना दिसलें. तेव्हांपासून तासाच्या मध्येंच प्रश्न टाकावयाचा, मुलांनीं शेजाऱ्याशीं वाद करून उत्तर पुन्हा ठरवावयाचें, अशी पद्धत त्यांनीं रूढ केली. तिला यंत्र लागत नाहीं; हात वर करविले तरी भागतें. मराठी माध्यमांतून येऊन इंग्रजी ग्रंथांशीं झगडणाऱ्या मुलांना तर शेजाऱ्याशीं मराठींत बोलावयाची ती पांच मिनिटें म्हणजे मोठाच आधार होतो.

अशा गटावर संकटें येतात तीं बहुधा वरून. प्राचार्यांनीं उपस्थितीचा तक्ता मागितला, मूल्यमापन समितीसाठीं छायाचित्रें काढण्याचा हुकूम सुटला, कीं माणसें आपली अडचण सांगणें बंद करतात आणि आपलें यश सांगूं लागतात. २०१० च्या नियमांनीं प्राध्यापकाच्या प्रत्येक उद्योगाला गुण लावण्याची जी पद्धत आणली, तिनें चर्चासत्रांची संख्या वाढली. मोकळेपणा वाढला असें म्हणवत नाहीं. गटांत जें बोललें जाईल तें बढतीच्या कागदांत कधींहि जाणार नाहीं, एवढें अभय संस्थाचालकांनीं द्यावें आणि वेळापत्रकांत पंधरा दिवसांनीं एक मोकळा तास द्यावा. बाकी कांहीं देऊं नये, हें बरें.

परीक्षेचा अडथळा मात्र खरा आहे. प्रश्नपत्रिका विद्यापीठाची, शिकवणें आपलें, अशा व्यवस्थेंत समजून देण्यावर घालविलेला तास मुलांनाच व्यर्थ वाटूं लागतो. या दृष्टीनें स्वायत्ततेचा लाभ झालेल्या संस्थांवर अधिक जबाबदारी आहे. सांगलीचें वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय २००७ पासून स्वायत्त आहे. साताऱ्यांत रयतेच्या महाविद्यालयांचें मिळून २०२१ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालें. प्रश्न काढणारा आणि शिकविणारा जेथें एकच, तेथें गटांतील निर्णय उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोंचूं शकतो.

आणखी एक गोष्ट बोलावयास अप्रिय, पण टाळतां न येण्यासारखी आहे. आज पुष्कळ महाविद्यालयांत वर्गांचा मोठा भार तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुण अध्यापकांवर आहे. त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. बैठकीचे मिळत नाहींत. पहिल्या वर्षाचीं नवखीं मुलें बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात, आणि प्रशिक्षणाच्या बहुतेक सोयी कायम नोकरांसाठीं असतात. ज्या गटांत हे बसणार नाहींत, तो गट कितीहि विद्वान् असला तरी ज्या वर्गाला त्याची निकड आहे त्या वर्गापर्यंत जाणार नाहीं. त्यांच्या बैठकीचा तास हा घेतलेला तास म्हणून मांडला गेला, तर संस्थेला फार खर्च नाहीं.

सातारा आणि सांगली यांच्यामध्यें सोयीचें ठिकाण कऱ्हाड. दोन्हीकडून रेल्वे आहे, एस्. टी. आहे. वर्षांतून दोनदां दोन्ही जिल्ह्यांच्या गटांनीं तेथें भेटावें, एरवीं आपापल्या गांवीं बसावें. पहिल्या बैठकीला प्रत्येकानें आपल्या वर्गांतील एका सामान्य विद्यार्थ्याची, पहिल्या क्रमांकाची नव्हे, एक उत्तरपत्रिका नांव झांकून आणावी. ती मध्यें ठेवून सर्वांनीं वाचावी, आणि या मुलाला नेमकें काय समजलें आहे, एवढ्यावर तासभर बोलावें. त्या दिवसापुरतें दुसरें कामकाज नको.