परक्या विद्यापीठाच्या दारात

(विहाराच्या वर्धापनदिनी विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. सुरुवात आमच्या एका चुकीपासून करतो.

आपल्या अभ्यासवर्गातल्या एका मुलाला आम्ही शहरातल्या एका मोठ्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेला पाठवले होते. भाषण तोंडपाठ होते. पण ती दगडी इमारत, तो हॉल, फाडफाड बोलणारी मुले पाहून पोरगा फाटकातूनच माघारी आला. आम्ही चारचौघांत म्हणालो, "एवढं काय घाबरायचं?" तेव्हापासून तो वर्गाला येईनासा झाला. पुढे आम्ही वादविवादाच्या दौऱ्यांविषयी वाचले आणि आमचेच डोळे उघडले.

कॉलेजच्या मुलांनी परदेशी विद्यापीठात जाऊन वाद घालायचा, ही प्रथा जुनी आहे. 1921 साली अमेरिकेतल्या बेट्स कॉलेजची मुले समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला गेली. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डची मुले अमेरिकेत आली. तिथे गेल्यावर पद्धतही वेगळी. अमेरिकेत परीक्षक निकाल देत. ऑक्सफर्डच्या सभेत सभासद दोन वेगळ्या दारांतून बाहेर पडून मत देतात. म्हणजे नुसते भाषण नेऊन भागत नाही, समोरच्याची रीतही समजून घ्यावी लागते.

पण बंधू-भगिनींनो, काहींना परके विद्यापीठ बघायला समुद्र ओलांडावा लागत नाही. अमेरिकेच्याच टेक्सास राज्यात मार्शल गावी वायली नावाचे कृष्णवर्णीयांचे छोटेसे कॉलेज होते. तिथे मेल्विन टॉल्सन हे इंग्रजीचे शिक्षक होते. त्यांनी मुलांचा वादविवाद संघ बांधला. 1930 साली या संघाने शिकागोत मिशिगन विद्यापीठाच्या कायद्याच्या गोऱ्या विद्यार्थ्यांशी सामना केला. त्या संघात हेन्रिएटा बेल ही एकच मुलगी होती. आयाबायांनो, हे ध्यानात ठेवा, पुढे त्यावर बोलायचे आहे.

1935 साली हा संघ दौरा करत लॉस एंजेलिसला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात पोचला. मार्शलहून ते अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर. गोऱ्यांच्या हॉटेलात मुक्काम नाही, खाणावळीत ताट नाही. आपल्याच माणसांच्या घरी नाहीतर कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पथारी टाकायची. संघातला विद्यार्थी होबार्ट जॅरेट याने त्याच वर्षी 'द क्रायसिस' मासिकात या दौऱ्यांविषयी लिहिले. हे मासिक काढले ते डॉ. डुबॉइस यांनी, त्यांना बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहिले होते.

आता मुख्य गोष्ट ऐका. ते विद्यापीठ अवाढव्य. संघातल्या मंडळींनी पुढे अशी आठवण सांगितली आहे, की ते पाहून पोरं दबून जातील म्हणून टॉल्सन सरांनी त्यांना सामन्याआधी आवारात फिरूच दिले नाही. म्हणजे भीती वाटणारच, हे त्या गुरूने धरून ठेवले होते! त्याने भीतीला हसले नाही, तिची सोय लावली. आम्ही मात्र आमच्या पोराला हसलो.

आणि तयारी कशी? टॉल्सन सर पाठांतर करून घेतच, पण मुलांशी स्वतः उलट बाजूने भांडत. मुलांचा एकेक मुद्दा खोडून काढत. समोरचा काय म्हणेल हे आधी घरीच ऐकून झालेले असे. दक्षिण कॅलिफोर्नियाचा संघ तेव्हा राष्ट्रीय विजेता होता. वायलीने त्याला हरवले. पण राष्ट्रीय संस्थेत कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. तो दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाला. त्यामुळे जिंकूनही अजिंक्यपद त्यांच्या नावावर लागले नाही. 2007 साली या संघावर सिनेमा निघाला, त्यात समोर हार्वर्ड दाखवले आहे. खरे विद्यापीठ हे होते, म्हणून सांगितले.

अजिंक्यपद नाही मिळाले, मग उपयोग काय, असे कुणी विचारील. त्याच संघात जेम्स फार्मर हा मुलगा होता. चौदाव्या वर्षी कॉलेजात आलेला. पुढे 1961 साली बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध निघालेल्या 'फ्रीडम राइड्स'चे नेतृत्व त्यानेच केले. वाद शिकलेला माणूस असा पुढे कामी येतो. आपले बाबासाहेबही पंचवीस वर्षांचे असताना, 9 मे 1916 रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापकांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचत होते. परक्या ठिकाणी, स्वतःचा मुद्दा घेऊन.

यंदा आपल्या वर्गातल्या दोन मुली बाहेरगावी स्पर्धेला निघाल्या आहेत. "पोरीच्या जातीला एवढ्या लांब कशाला?" असे काही घरांतून ऐकू आले. माता-भगिनींनो, पाठवा. सोबत आम्ही येतो. आदल्या दिवशी पोचू, हॉल बघायचा की नाही ते मुलीच ठरवतील. आणि दर रविवारी इथे आम्ही त्यांच्या उलट बाजूने भांडणार आहोत. मोठ्यांनीही यावे, पोरींचे मुद्दे खोडावेत.

त्या मुलाची आई इथे बसलेली आहे. ताई, त्याला एवढे सांगा, की चूक त्याची नव्हती, आमची होती. आम्ही त्याला भाषण दिले, तयारी दिली नाही. रविवारी त्याची वाट पाहतो.

एवढे बोलून थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!