लखिना पॅटर्न

अकोले तहसील कार्यालयात जुन्या फेरफाराची नक्कल मागायला गेलात, तर कारकून रुमालात बांधलेला गठ्ठा सोडतो. तो गठ्ठा लगेच हाती लागला, तर त्यामागे एका अधिकाऱ्याचा हट्ट आहे. अनिलकुमार लखिना 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी सुरुवात केली कागदांपासून, म्हणजे ज्याचा सगळ्यांना कंटाळा तिथूनच! अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्ग लावले. अ म्हणजे कायम जपायचा, ड म्हणजे वर्षभराने नष्ट करायचा. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे केले जातात, तेही याच वळणाचं. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नाश करायचे. रद्दी हलली, बसायची मांडणी बदलली, आलेल्या माणसाला कुणाकडे जायचं ते कळू लागलं. ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला. पुढे 2017च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी एकही काम प्रलंबित न ठेवण्याची ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम राबवली, तीही याच वाटेवरची. आता सातबारा मोबाइलवर दिसतो खरा, पण जुना फेरफार शोधायचा तर गाठ कधी कधी अजूनही त्या रुमालाशीच.