बांजाच्या मुळाशी

मागच्या बैठकीत राबाचा विषय निघाला, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "रानातला पातेरा रानातच ठेवायचा, तर गोठ्यात काय आमची लुगडी अंथरायची?" प्रश्न खरा आहे. म्हणून आज आपल्यासारख्याच, पण उत्तराखंडातल्या बायकांची गोष्ट सांगतो.

तिकडे डोंगरात, साधारण दीड हजार मीटरच्या वर, बांज नावाचं झाड असतं. ओक म्हणतात त्याचीच एक जात. बारमाही हिरवं, पानं मागून पांढरट. गुरांना चारा त्याचा, चुलीला सरपण त्याचं, गोठ्यात अंथरायला पानं त्याचीच, आणि ती शेणात कुजली की शेताला खत. हे भारे पाठीवरून आणतात त्या बहुतेक बायकाच.

हे रान आता बऱ्याच ठिकाणी विरळ होतंय. तोडलेल्या फांद्या डोळ्यांना दिसतात, मातीत काय होतं ते दिसत नाही. बांजाच्या बारीक मुळांना एक बुरशी लपेटून असते. मूळ पोचत नाही तिथून तिचे धागे पाणी, स्फुरद, नत्र आणून देतात. झाड तिला पानांत तयार झालेली साखर देतं. आपल्या गटातल्या देवघेवीसारखंच. पावसाळ्यात बांजाखाली छत्र्या उगवतात, त्यांतल्या बऱ्याच या बुरशीच्या. (आपली अळंबी वेगळी, ती वारुळावरची.) पडलेली पानं कुजवणारे जीव आणखी निराळे.

दरवर्षी सगळा पातेरा झाडून नेला, की या जिवांचं अन्न जातं, उघडी माती तापते, वरचा थर पावसानं वाहून जातो. फांद्या ओरबाडल्या तर झाडाकडे बुरशीला द्यायला साखर उरत नाही, बीही कमी धरतं. मग चीड, म्हणजे पाइन, जागा घेतो. त्याच्या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. त्या लवकर कुजत नाहीत आणि उन्हाळ्यात भडकतात.

पण सगळा दोष बायकांच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही. लाकूड आणि राळ मिळते म्हणून इंग्रजांच्या काळापासून सरकारनंच चिडाला झुकतं माप दिलं. आणि गुरं उपाशी ठेवून रान राखा, असं कोण कुणाला सांगणार?

तिथे १९३१ पासून वनपंचायती आहेत. ज्या जाग्या आहेत, त्या रानाचा एखादा भाग काही काळ बंद ठेवतात. बांजाचं बी वाळलं की मरतं, म्हणून ताजंच पेरावं लागतं. पिशवीत जुन्या बांजाखालची मूठभर माती मिसळली, तर रोपाबरोबर बुरशीही जाते.

आपल्याकडे बांज नाही. पण राबासाठी कवळ तोडणारे, पातेरा गोळा करणारे हात आपलेच. आम्ही काकूंना सुचवलं, देवराईलगतची एक पट्टी यंदा झाडायची नाही, बाकी नेहमीसारखं. गोठ्यात थोडं भाताचं तूस वापरून बघू. पुढच्या शिमग्याला दोन्हीकडची माती हातात घेऊन पाहू.

काकू म्हणाल्या, "बघू. आधी गिरणीवाला तूस फुकट देतो का ते विचारा."

शुक्रवारी विचारून येतो.