‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी : गरज ओळखूनच घ्या

(शेतकरी महिला मेळाव्यात दिलेले भाषण)



माती परीक्षणात जस्ताची कमतरता आढळली, तर झिंक सल्फेट दिल्याने पीक सुधारते. जस्त पुरेसे असेल, तर उत्पादन वाढत नाही, खर्च मात्र वाढतो. ‘ड’ जीवनसत्त्वाचेही तसेच आहे.

अन्नातील कॅल्शियम अंगी लागण्यासाठी हे जीवनसत्त्व आवश्यक असते. ते फार कमी पडले, तर मुलांना मुडदूस होतो. मोठ्यांची हाडे मऊ होऊन कंबर, मांड्या दुखतात, बसल्या जागेवरून उठणे जड जाते. अशा वेळी औषध घेतलेच पाहिजे. त्याचा गुण येतो.

पण ज्यांना कमतरता नाही, त्यांनी ‘ताकदीसाठी’ ते घ्यावे काय? अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर याची चाचणी झाली. त्यांतील बहुतेकांना कमतरता नव्हती. निम्म्यांना रोज २,००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व, तर निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. सुमारे पाच वर्षांनंतर कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे प्रमाण कमी झाले नाही, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. हाड मोडण्याचे प्रमाणही घटले नाही, हे २०२२ मध्ये स्पष्ट झाले.

आता हिशेब पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांची रोजची गरज ६०० युनिट धरली आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी पुडी ६०,००० युनिटची असते. म्हणजे एक पुडी १०० दिवसांची गरज! कमतरता भरून काढण्यासाठी डॉक्टर ती बहुधा आठवड्याला एक, अशी ठराविक आठवडेच देतात. गुडघे दुखतात म्हणून शेजारणीच्या चिठ्ठीवर तीच पुडी महिनोन्‌महिने घेऊ नका. रोज तर मुळीच नको. हे जीवनसत्त्व शरीरातील चरबीत साठते. जादा झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता होते. मूत्रपिंडालाही इजा पोहोचते.

गरोदर स्त्रिया, अंगावर पिणारी बाळे, घराबाहेर न पडणारी वृद्ध माणसे आणि हाडे दुखणारे यांनी मात्र डॉक्टरांना जरूर विचारावे.

शेतात राबतो म्हणजे ऊन मिळतेच, असेही नाही. आपण डोक्यापासून मनगटापर्यंत झाकलेले असतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाचे ऊन थोडा वेळ उघड्या हातापायांवर घ्यावे. आहारात अंडी, बांगडा आणि कॅल्शियमसाठी दूध, नाचणी ठेवावी.

भगिनींनो, आधी तपासणी, मग खत. आधी डॉक्टर, मग पुडी.